सर्जाचं आवतन

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या सर्जाच्या खांद्याला लोणी-हळद चोळली आणि हात जोडून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे जेवणाचं आमंत्रण बैलाला द्यायचं असतं. आमचा सर्जा कुत्रा होता. खाप्याजवळचं गाव सोडून आम्ही शहरालगतच्या वाडीला भाड्याच्या खोलीत आलो, तेव्हा माझ्या यजमानांचा लाडका बैल सर्जा दिराकडे राहिला. त्याच्या आठवणीत त्यांनी या पिल्लाचं नाव सर्जा ठेवलं आणि पोळ्याचा मानही त्यालाच देऊ लागले. ते गेल्यावर तो रिवाज मी चालू ठेवला. घरात माझ्याशिवाय जिवंत असं तेवढंच एक उरलं होतं.

पोळ्याच्या सकाळी मी पुरण शिजवत होते आणि सर्जा दाराशी मरून पडला होता. तो म्हातारा झाला होता, हे मला दिसत होतं. पण आवतन दिलेला पाहुणा जेवणाआधीच उचलून न्यायचा? देव्हाऱ्यातल्या जगदंबेला मी तोंडावर विचारलं आणि तिच्यापुढे दिवाही लावला नाही. नवरा नेला तेव्हा गप्प बसले होते, या वेळी बसवेना.

घरमालक म्हणाले, "कचऱ्याची गाडी येऊनच राहिली ताई, देऊन टाका." माणूस चांगला आहे, वाईट हेतूनं बोलला नाही, म्हणूनच जास्त लागलं. काल ज्याला हळद लावली, त्याला आज ओल्या कचऱ्यात टाकायचं की सुक्या, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

माझ्या डोळ्यांपुढे एकच जागा होती, सासरच्या वावराचा धुरा. सर्जा बैल गेला तेव्हा त्याला त्या बांधावर पुरलं, असं दिरानं कळवलं होतं. यजमान दर पोळ्याला वाडीतून त्या दिशेला हात जोडायचे. मी गॅस बंद केला, सर्जाला चादरीत गुंडाळलं आणि गल्लीतल्या ऑटोवाल्या भाऊंना विनवलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा दीर वावरातच बैलांच्या शिंगांना बेगड लावत होते. चादर पाहून त्यांनी ऑटो वावराकडे येणाऱ्या पांदणीतच थांबवला.

"वैनी, सणाच्या दिवशी मेलेलं कुत्रं काहून आणलं? धुऱ्यावर आपला सर्जा झोपला आहे. त्या लक्ष्मीच्या शेजारी कुत्रं ठेवू मी?"

"यांचा दोघांवर जीव होता, भाऊजी."

"म्हणून धुरा बाटवू काय? कन्हान जवळच आहे, सोडून द्या पाण्यात."

एवढं बोलून ते बैल घेऊन गावाकडे, पोळा भरतो त्या तोरणाला निघून गेले.

मी पांदणीतच बसले. रडू येत नव्हतं, राग येत होता. रागातच म्हटलं, "आई, माझ्यानं आता होत नाही. तुला ठेवायचा तिथं ठेव, नाही तर नको ठेवू." याला प्रार्थना म्हणायची मला लाज वाटते. पण त्यानंतर मी ठरवायचं सोडून दिलं, हे खरं.

तेवढ्यात एक म्हातारी नैवेद्याचं ताट घेऊन पलीकडच्या वावराकडे चालली होती. आम्ही गाव सोडल्यावर तिच्या घरच्यांनी ते वावर घेतलं, म्हणून मी तिला ओळखत नव्हते. चादर जराशी सरकली होती आणि तिची नजर पिवळ्या खांद्यावर गेली.

"हळद कोणं लावली वं याले?"

"मीच. काल आवतन दिलं होतं."

"मंग पाहुणा उपाशी कसा जाईन? चाल."

आजच्या दिवशी माती खणू नये ना, असं ऑटोवाले भाऊ चाचरत म्हणाले. "सुट्टी बैलाले असते बापू, आपल्याले नाही," म्हणत तिनं आपल्या वावरातलं फावडं त्यांच्या हाती दिलं. पळसाखाली एक उंचवटा होता. त्याच्या शेजारीच तिनं जागा दाखवली. सर्जाला खाली ठेवल्यावर तिनं ताटातली पुरणपोळी मोडली. अर्धी त्याच्या तोंडाशी ठेवली, अर्धी उंचवट्यावर.

"इथं कोण आहे, मावशी?"

"आमचा बैल. आता बैलं घेऊन गेला ना तो माणूस, त्याचाच होता. म्हातारा झाला म्हणून त्याले बाजारात नेऊन राहिला होता. मले पाहवलं नाही, ठेवून घेतला. इथंच बसल्या बसल्या गेला बिचारा. सर्जा म्हणत त्याले."

मी तिथंच दोघांच्या मधोमध बसले आणि सकाळपासून अडलेलं रडू तेव्हा आलं. एवढी वर्षं माझा नवरा रिकाम्या धुऱ्याला हात जोडत होता. दिरानं त्या दिवशी जागा दिली असती, तर मीही सर्जाला त्या रिकाम्या धुऱ्यात एकटा ठेवून समाधानानं घरी आले असते.

घरी येऊन आधी दिवा लावला. झालं तो चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. आवतन मी दिलं होतं, पान कुठं वाढायचं ते जगदंबेनं पाहिलं, एवढंच कळतं आणि तेवढ्यासाठी मी जन्मभर तिच्या ऋणात आहे. बाकी माझं मन काही निर्मळ झालेलं नाही. दिराला माफ करावं एवढी शरणागती माझ्या अंगी आलेली नाही, ती यायची तेव्हा तीच देईल.

आता पोळ्याच्या आदल्या दिवशी लोणी-हळद घेऊन मी म्हातारीच्या वावरात जाते आणि दोघांनाही आवतन देते. वाटेत सासरचा धुरा लागतो. तिकडे मी हात जोडत नाही.