तेरवीचा फोटो

नामदेवभाऊ गेल्याचं मला मोबाइलवर आलेल्या एका फोटोवरून कळलं, आणि आधी वाटलं, हे दुसरंच कोणीतरी आहे. सकाळची वेळ होती. यवतमाळच्या माझ्या स्टुडिओत परीक्षेच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो काढायला आलेल्या पोरापोरींची रांग लागलेली, आणि तेवढ्यात दारव्ह्याहून कोणीतरी पाठवलेलं ते श्रद्धांजलीचं चित्र आलं. झेंडूची कमान, खाली समई, आणि मध्ये एक गोरागोमटा, गुळगुळीत गालांचा माणूस. खाली नाव मात्र भाऊंचं. मी ते नाव दोनदा वाचलं. भाऊंना कोड होतं. डाव्या डोळ्याभोवती, ओठांवर आणि दोन्ही हातांच्या बोटांवर पांढरे डाग होते, आणि या चित्रात त्यांतला एकही नव्हता. कुठल्याशा मोबाइलने स्वतःच्या अकलेने सगळा चेहरा सारवून टाकला होता. मला आधी राग आला. रडू नंतर आलं, रांगेतल्या मुलीने "ताई, माझा फोटो?" असं विचारल्यावर. या गोष्टीला आता दीड महिना झाला. राग अजून उतरलेला नाही, फक्त तो त्या मोबाइलवाल्यावरचा होता तो माझ्यावर आला आहे. का आला, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

दारव्ह्याला बसस्टँडजवळ भाऊंचा स्टुडिओ. मी तिथे नोकरीला लागले ती कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मुलगी म्हणून. रोल बंद पडले होते, डिजिटल आलं होतं, आणि सगळा जन्म अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्यात गेलेल्या भाऊंना माऊस धरला की घाम फुटायचा. पहिल्याच दिवशी म्हणाले, "रेखा, तू मले माऊस शिकव, मी तुले उजेड शिकवतो. पाहू कोण आधी कंटाळते." आधी मीच कंटाळले. कारण पहिला महिनाभर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेजारच्या पानठेल्यावरच्या कोणाला तरी बोलावून स्टुलावर बसवायचे आणि मला दुकानाचं शटर वर-खाली करायला लावायचे. पूर्ण वर, अर्धं, मग गुडघ्याइतकं. दर वेळी प्रश्न एकच, नाकाची सावली कुठे पडली? "ओठाले लागली का सावली? लागली तं माणूस फिरव. कॅमेरा कायले उचलते?" शटर ओढून ओढून माझे हात भरून यायचे. पुढे अॅपर्चर, शटर स्पीड, आयएसओ हे सगळं त्यांनी एका दुपारी उरकलं. ते पुस्तकातही भेटते, म्हणाले.

पुस्तकात न भेटणारं शिकायला ते मला आठवडी बाजारात पाठवायचे. एकदा मी कापसाच्या गंजीला टेकून झोपलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो काढून आणला. उघडं तोंड, छातीवर टोपी, अंगावर तिरपं ऊन... मी स्वतःवर फार खूश होते. भाऊंनी फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "त्याले दाखवला काय?" झोपलेल्या माणसाला कसा दाखवणार, असं मी म्हणाले. "मंग जाय अन् दाखव. तो जागा झाला असन आता." मी पाय आपटत परत गेले. म्हाताऱ्याने स्वतःला पाहिलं. टोपी घातली, सदऱ्याची बटणं लावली, ताठ बसला आणि म्हणाला, "आता काढ." तो दुसरा फोटो अगदी साधा आला, आधार कार्डावर असतो तसा. भाऊंनी तोच छापला आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी मला तो नेऊन द्यायला लावला. पहिला पुसायला लावला. "पहिला तुया फोटो होता, दुसरा त्याचा आहे," म्हणाले. त्या पहिल्या फोटोची हळहळ मला आजही वाटते, हे कबूल करते. भाऊंना तेही ठाऊक होतं.

माणसांचे फोटो सुधारणं हे आमच्या धंद्याचं अर्धं काम. जिवंतपणी ज्याचा एकही नीट फोटो निघाला नाही असं माणूस गेलं की घरचे लोक लग्नातला एखादा घोळक्याचा फोटो घेऊन येतात, त्यातून त्याला कापून काढायचं, मागे निळा पडदा लावायचा, मोठा करायचा आणि तेरवीच्या आत फ्रेम करून द्यायची. एकदा जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा एक माणूस आईचा असाच फोटो घेऊन आला. जुना, ओल लागलेला फोटो, त्यावर बुरशीचे ठिपकेच ठिपके. भाऊ लग्नाच्या कामाला बाहेरगावी होते. मी दिवसभर बसून एकूण एक ठिपका पुसला, म्हातारीचा चेहरा लखलखीत केला, वरून दोन छटा उजळही केला. मुलगा तो घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपमधून त्याची बहीण उतरली. टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम तिने काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "ई मार याडी छेनी." ही माझी आई नाही. मी ठिपके पुसताना म्हातारीचं गोंदणही पुसलं होतं. कपाळावरचं, हनुवटीवरचं, डोळ्याच्या कडेचं, सगळं. ती बाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "जातानी दागिने आम्ही उतरवून घेतले तिच्या अंगावरचे. गोंदण तेवढं संग जाते माणसाच्या. थेही तू काढून घेतलं?"

भाऊ परत आल्यावर मला बोलतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी मूळ फोटो पुन्हा मशीनवर घेतला, त्या बाईला तांड्यावरून बोलावून आणलं आणि माझ्या शेजारी खुर्चीत बसवलं. मी एकेका ठिपक्यावर माऊसचा बाण नेऊन थांबायची आणि ती सांगायची. "काढ... काढ... ठेव. हे ठेव... ते काढ." दोन ठिकाणी तिलाही नक्की आठवेना. ती डोळे मिटून बसली, स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवत राहिली आणि मग म्हणाली, ठेव. ती गेल्यावर भाऊंनी मला चहा दिला आणि तेव्हा तो नियम सांगितला, तोच मी पुढे माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला सांगत आले. "मुरूम आठ दिवसांत जाते, तो काढ. जे जन्मभर राह्यते ते माणसाचं असते. त्याले इचारल्याबिगर हात नाही लावायचा." हे सांगताना त्यांची पांढरी बोटं कपाभोवती होती. मी बोटांकडे पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ती तशीच राहू दिली.

मागच्या दिवाळीनंतर ते यवतमाळला आले होते, कॅमेऱ्याच्या दुरुस्तीसाठी. माझ्या स्टुडिओत आल्यावर इकडेतिकडे पाहिलं, दिवे कुठे कुठे लावलेत ते पाहून नाक मुरडलं, आणि आपणहून स्टुलावर बसले. "काढ," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा एकट्याचा फोटो मी पाहिला नव्हता. मी काढला. स्क्रीनवर दाखवून चेष्टेने विचारलं, भाऊ, काही सुधारू का? ते म्हणाले, "मुरूम दिसला तं काढ." आणि हसले. ती आमची शेवटची भेट. छातीत दुखायला लागलं आणि अवघ्या तासाभरात ते गेले, असं नंतर त्यांच्या बायकोने, वहिनींनी, सांगितलं.

तेरवीसाठी फोटो माझ्याकडचाच लागणार हे उघड होतं. मी पेन ड्राइव्ह घेऊन दारव्ह्याला गेले. वहिनींनी फोटो पाहिला आणि दार लोटून घेतलं. "रेखा, एवढे डाग काढून दे." त्यांच्या धाकट्या पल्लवीची सोयरीक कळंबच्या एका घरी चालली होती. मुलगी पसंत होती, बोलणी व्हायची होती, आणि ती मंडळी भाऊंना कधी न पाहिलेले चार नातेवाईक घेऊन तेरवीला येणार होती. "लोकं म्हणते कोड रक्तात असते. पोरीच्या अंगावर एक डाग नाही, पण लोकं भिंतीवरचा फोटो पाह्यते." मी भाऊंचा नियम सांगायला लागले. सांगता सांगता मलाच तो पोपटपंचीसारखा वाटला. वहिनींनी मला मध्येच थांबवलं. "नियम त्यायचा होता, तोंडही त्यायचं होतं. पोरगी माही आहे. तू तुया भाऊचा इचार कर, मी माया पोरीचा करतो." पल्लवी माझ्यामागे उभी होती. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मले नका विचारू ताई. हो म्हटलं तं मले बाबाची लाज वाटली असं होते, अन् नाही म्हटलं तं उद्या काही बिनसल्यावर आई मलेच म्हणीन."

मी केलं. भाऊंच्याच स्टुडिओत, त्यांच्याच कॉम्प्युटरवर. गालावरची सावळी कातडी उचलायची आणि डोळ्याखाली आणून ठेवायची, हनुवटीवरची उचलायची आणि ओठावर ठेवायची. काम सफाईने झालं, दहा मिनिटांत, आणि मध्ये एकदा तर डोळ्याची कड छान जमली म्हणून मला बरंही वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण तसं झालं.

तेरवीला खुर्चीवर फोटो, त्याला हार. कळंबची मंडळी आली. मुलाच्या वडिलांनी हात जोडले, मग हात खाली आले तरी ते तिथेच उभे राहिले. नंतर मला गाठून त्यांनी विचारलं, फोटो कोणी बनवला? मी म्हणाले, मी. "आमच्या लग्नाचे फोटो भाऊंनीच काढलते," ते म्हणाले. "मंडपात सगळ्याइले उभं केलं अन् कॅमेरा खाली घेतला. म्हणे, आधी मले मनभर पाहून घ्या. नाहीतं फोटोत सगळ्याइचे डोळे माया ओठावर येतीन. अशे हासलो आम्ही... तसा हासरा फोटो आमच्या घरात दुसरा नाही. भाऊची पोरगी म्हणूनच पाहाले आलतो आम्ही, बाई." ते रागावले नव्हते. त्यांना फक्त आपला ओळखीचा माणूस सापडत नव्हता.

मनभर पाहून घ्या. हे वाक्य मी शंभर लग्नांत ऐकलं असेल, फ्लॅश धरून त्यांच्या शेजारी उभी राहून. सगळ्या मुलखाला त्यांनी स्वतःच्या तोंडाने तो चेहरा पाहायला लावला होता, आणि त्याच मुलखापासून तो लपवायला मी दहा मिनिटं खर्ची घातली होती. ऐन वेळी हे माझ्या डोक्यातही आलं नाही. चार दिवसांनी कळंबहून होकार आला.

मग मी खरा फोटो त्याच मापाचा केला, तशीच फ्रेम लावली आणि मागच्या पंधरवड्यात दारव्ह्याला घेऊन गेले. सोयरीक ठरली होती, आता अडचण कसली? वहिनींनी तो मांडीवर घेतला. पदराने काच पुसली, जशी काही काचेवरच काही आहे. आणि परत माझ्या हातात दिला. "राहू दे." मी म्हणाले, वहिनी, आता तर सगळं ठरलं. "आता पोरीचं कारण नाही राह्यलं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी मी भिंतीवरच्या याले हार घालतो, याच्याशीच बोलतो. आता डोळे मिटले तरी हाच दिसते. तू आणला तो पाह्यला अन् मले वाटलं... याले काय झालं?"

चौतीस वर्षं त्या चेहऱ्याशी संसार केलेल्या बाईचे हे शब्द. त्यांनी ते सहज म्हटले आणि मग स्वतःच घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलून उठले.

ती फ्रेम माझ्या स्टुडिओत वर्तमानपत्रात गुंडाळलेली तशीच आहे. माझ्या भिंतीवर लावावी तर वहिनींवर वरचढपणा केल्यासारखं वाटतं, कपाटात ठेवावी तर मी भाऊंना दुसऱ्यांदा पुसल्यासारखं. रोज सकाळी ती या टेबलावरून त्या टेबलावर जाते. म्हणून हे लिहिते आहे, निदान कुठेतरी बरोबर नोंद असावी. नामदेवभाऊंच्या डाव्या डोळ्याची वरची पापणी पूर्ण पांढरी होती, तिच्या केसांसकट. खालचा डाग गालाच्या हाडापर्यंत यायचा आणि तिथे त्याची कड नदीकाठासारखी वाकडीतिकडी होती. ओठ दोन्ही पांढरे, फक्त खालच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांचा मूळचा सावळा रंग उरला होता, गव्हाच्या दाण्याएवढा. भाऊ हसले की तो आत जायचा आणि दिसायचा नाही.