दुसऱ्याचा खोका

फिलिपिन्समधल्या ओआस गावाच्या बाजूला निम्म्याहून जास्त लोकांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. कुण्या जुन्या स्पॅनिश साहेबाने कारभार सोपा व्हावा म्हणून ती तशी वाटून दिली म्हणतात. साहेबाचा कारभार सोपा झाला असेल, डिसेंबरातल्या बस कंडक्टरचा मात्र झाला नाही. मनिलाहून आलेली बस फाट्यावर थांबली की तिच्या पोटातून नूडल्सच्या कंपनीचे खोके धडाधड बाहेर येतात. सगळ्यांना तीच हिरवी प्लास्टिकची दोरी, सगळ्यांवर जाड पेनाने लिहिलेली त्याच अक्षराची आडनावं. आपला कोणता ते ज्याचं त्याने अंदाजाने ओळखायचं.

तेर्यो रेकेहोनेही तसाच ओळखला, आणि तिथेच घोटाळा झाला.

तेर्यो हे त्याचं घरचं नाव, कागदोपत्री नाव 'ए'ने सुरू व्हायचं. तो मनिलात पासिगच्या एका गल्लीत पंक्चर काढायचा. त्याची आई दोमिंगा गावात सांगायची, पोरगा टायरच्या कंपनीत आहे. हे अगदीच खोटं नव्हतं, दुकानात टायर भरपूर होते. गेले तीन नाताळ तो घरी आला नव्हता. रिकाम्या हाताने जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि हात काही भरत नव्हते. या वर्षी सप्टेंबरात दुकानांतून नाताळची गाणी वाजायला लागली तसं त्याने मनावर घेतलं. दर रविवारी एखादी वस्तू आणायची. साबणाच्या वड्या, कॉफीच्या पुड्या, पोरांना रबरी चपला. जुन्या कपड्यांच्या ढिगातून उकरून काढलेले शर्ट त्याने दोनदा धुतले आणि घरमालकिणीची मनधरणी करून इस्त्री मिळवली. आईसाठी घरात घालायचा जांभळ्या फुलांचा सुती झगा तेवढा नवाकोरा घेतला. खोका बांधून झाला तेव्हा त्याला तो भरगच्च वाटला होता. बसमध्ये शेजाऱ्यांच्या पिशव्या आणि टीव्ही बघितल्यावर तो जरा लहान वाटायला लागला.

घरी पोचेपर्यंत अंगणात आळी जमलेली होती. बाहेरून येणाऱ्याने सगळ्यांसाठी काहीतरी आणायचं, आणि ते बूट काढायच्या आत वाटायला घ्यायचं, ही तिकडची रीत. पासालुबोंग म्हणतात त्याला. नाताळच्या दिवसाची वाट बघायला कुणाला सवड नसते. शेजारची मामेर्ता सगळ्यांच्या पुढे खुर्ची टाकून बसली होती. तिचा मुलगा बोटीवर होता, त्याचे खोके कपाटाएवढे यायचे.

"काय गं दोमिंगा, तुझा तेर्यो अजून हवाच भरतो का?" तिने विचारलं. लोक हसले. दोमिंगा पण हसली, पण तिची मान खाली गेली.

तेर्योने दोरी कापली, आत हात घातला, आणि हाताला परदेशी चॉकलेटची मोठी पिशवी लागली. त्याने चॉकलेट घेतलेलंच नव्हतं. खोका आपला नाही हे त्याला कळलं. कुणाला शंका राहू नये म्हणून सांगतो, हे त्याला नंतर कळलं नाही, दोन वस्तू बाहेर काढल्यावर कळलं नाही. त्याच क्षणी कळलं.

बोलायला त्याने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्याची भाची क्लारिता हिने पिशवी हातातून ओढून घेतली, आणि आईने मामेर्ताकडे बघितलं. मान वर करून, सरळ, डोळ्याला डोळा भिडवून. आईला असं बघताना तेर्योने कधी पाहिलं नव्हतं. त्याने तोंड मिटून घेतलं.

मग हात आपोआप आत-बाहेर करत राहिला. मुलीचे पांढरे बूट निघाले, ते क्लारिताने तिथल्या तिथे पायात घातले. जाड टॉवेल निघाले, डबाबंद मांस निघालं, लाल मेणाचा चीजचा गोळा निघाला. गोळा आईने बाळ येशूच्या मूर्तीशेजारी नेऊन ठेवला. अत्तराची बाटली निघाली, ती तिने मुद्दाम मामेर्ताच्या हातात दिली. शेवटी बायकांचा निळा पोशाख निघाला. तो तिने अंगाला लावून पाहिला, नाताळच्या दिवशी घालीन म्हणाली आणि घडी करून आत नेला.

"हवा भरून एवढं मिळतं होय," मामेर्ता म्हणाली. पण बाटली तिने घट्ट धरली होती.

पुढचे दोन दिवस तेर्योचे मोठ्या मानाचे गेले. पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जाताना लोक त्याला हाका मारायचे, काळोखात त्याच्या हातात हात द्यायचे, आमच्या पोराला तुझ्या कंपनीत लावशील का म्हणून विचारायचे. चर्चबाहेर गरम बिबिंगका, तांदळाचा केक, विकणारी बाई त्याला मोठा तुकडा देऊ लागली. रस्त्यावर तीनचाकीचा आवाज आला की तो घरात शिरायचा. आज सांगू, मिस्सा झाल्यावर सांगू, असं करत त्याने सांगितलं काहीच नाही. आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. त्याला हे सगळं आवडायला लागलं होतं. विचारणाऱ्या एका बापाला तर तो म्हणालाही, "बघतो, साहेबाशी बोलून बघतो."

दोन दिवसांनी दुपारी तीनचाकी दारातच थांबली. तिच्यातून एक बारीकशी बाई उतरली, मागोमाग बारा-तेरा वर्षांची मुलगी, आणि दोघींच्या मधे नूडल्सचा खोका. हिरवी दोरी जशीच्या तशी होती. बाईने आपलं नाव सांगितलं, एस्तेला रेकेना. खालच्या वस्तीत राहते, मनिलात एका घरी स्वयंपाकाला असते. मुलगी ओफेलिया, आजीजवळ वाढते.

"मानोय, आपले खोके बदलले वाटतं," ती तेर्योला अदबीने म्हणाली. तिकडे परक्यालाही मानोय म्हणजे दादा, आणि परकीला मानाय म्हणजे ताई म्हणतात. "दोघांवर 'ए. रेके' एवढंच दिसतंय, पुढचं दोरीखाली गेलंय. ही तर उघडायलाच निघाली होती, मी दोरी सरकवून नाव वाचलं म्हणून बरं. दोन दिवस घरोघर विचारत फिरतेय. तुम्ही अजून उघडला नसेल ना?"

अंगणात तेव्हा निम्मी आळी बसलेली होती. कुणाच्या खांद्यावर टॉवेल होता. मामेर्ताच्या अंगाचा अत्तराचा वास चार हातांवरून येत होता. क्लारिता पांढरे बूट घालून समोरच उभी होती, आणि ओफेलिया त्या बुटांकडे बघत होती.

बोलली ती आई.

"माझीच चूक झाली बाई," दोमिंगा म्हणाली. "हा प्रवासाने दमून झोपला होता. मी म्हातारी अधाशी, मीच उघडला. त्याला काही माहीत नाही."

खोका कुणी उघडला हे सगळ्या आळीने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ते कुणी खोडलं नाही, मामेर्तानेसुद्धा नाही. आणि तेर्यो, चाळिशीला टेकलेला बाप्या, आईच्या आड लपून उभा राहिला.

लोक उठून घरी गेले आणि वस्तू घेऊन परत आले. एकेक जण ती एस्तेलाच्या रिकाम्या खोक्यात ठेवायचा आणि तिच्याकडे न बघता बाजूला व्हायचा. टॉवेल ओले होते. अत्तराची बाटली बरीच खाली गेली होती. चॉकलेटची पिशवी रिकामी होती, तरी कुणीतरी तीही घडी करून ठेवली. आईने चीजचा गोळा आणला, निळा पोशाख आणला, आणि आल्या माणसाला तसं पाठवता येत नाही म्हणून एस्तेलापुढे नूडल्सची ताटली ठेवली. एस्तेला खाऊ लागली. चांगलं झालंय म्हणाली. चॉकलेटचं मनावर घेऊ नका, नाताळ आहे, पोरांनीच खाल्लं ना, असंही म्हणाली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर तेर्योला सोपं गेलं असतं.

क्लारिताने बूट काढून दिले. दोन पहाटे चिखलातून चर्चला जाऊन आलेले बूट ते. ओफेलिया खाली बसली आणि आपल्या झग्याच्या टोकाने ते पुसू लागली. डाग निघेनात. तिने ते पायात घातलेच नाहीत, नुसते मांडीवर धरून ठेवले.

"मी उघडला," तेर्यो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा बोलावं लागलं. "खोका मी उघडला, मानाय. झोपलो-बिपलो नव्हतो. पहिली वस्तू हाताला लागली तेव्हाच कळलं माझा नाही म्हणून. तरी वाटला."

एस्तेलाने ताटली खाली ठेवली. "का?" एवढंच विचारलं.

या प्रश्नाला त्याच्याकडे मामेर्तासमोर देता येईल असं उत्तर नव्हतं. एस्तेलाने मुलीला उठवलं, खोका उचलला आणि तीनचाकीत जाऊन बसली. बसण्याआधी तिने दोमिंगाचा हात कपाळाला लावून, थोरांचा घेतात तसा निरोप घेतला. तेर्योचा निरोप घेतला नाही.

आळी पांगली. तेर्योचा स्वतःचा खोका अंगणात तसाच राहिला, आत काय आहे हे बघायला कुणीच थांबलं नाही. बाप्याने लाज आणली असं काहीतरी जाता जाता कुणीतरी पुटपुटलं, ते मायलेकांनी दोघांनीही ऐकलं.

आईनेच दोरी सोडली. साबण, कॉफी, चपला एकेक करून बाहेर काढून पायरीवर मांडल्या. जुने शर्ट उलगडून पाहिले, इस्त्रीच्या घडीवरून हात फिरवला. मग झगा निघाला. तो तिने कपड्यांवरूनच डोक्यातून घातला. नेमका बसला.

"नानाय," तेर्यो आईला म्हणाला, "मी तुला फसवलं."

"मला कुठे फसवलंस?" आई म्हणाली. "तो निळा पोशाख माझ्या एका दंडावरसुद्धा चढला नसता. तू माझं माप विसरशील होय? मला तेव्हाच कळलं."

तेर्यो म्हणाला, "मग बोलली का नाहीस?"

"मामेर्ता बघत होती ना," आई म्हणाली.

म्हणजे त्याचं जे कारण, तेच तिचं. दोन दिवस तो आपल्या एकट्याच्या पापाने झुरत होता, आणि तिकडे साठी उलटलेली त्याची आई दुसऱ्या बाईचे कपडे ट्रंकेत ठेवून, सगळं माहीत असून, त्याच्या कौतुकाला हसून मान डोलवत होती. तीन नाताळ तिने मामेर्ताच्या त्या खुर्चीसमोर कसे काढले असतील हे त्याच्या आता लक्षात आलं. त्याला आईकडे बघवेना.

आईने साबणाची एक वडी उचलली, झग्यावरून हात फिरवला आणि मामेर्ताच्या घराकडे निघाली. जे आणलंय ते ज्याचं त्याला दिलंच पाहिजे. फाटकाशी गेल्यावर ती थांबली.

"चल की रे," ती म्हणाली. "एकटीला लाज वाटते मला."