पुरुष, वय तीस

लेकीकडे अमेरिकेत असताना शेजारच्या डोरिसबाईंबरोबर मी तिथल्या ग्रंथालयात गेले होते. डोरिसबाई कृष्णवर्णीय, निवृत्त नर्स. गुलामीत जन्मलेल्या आपल्या खापरपणजोबांचे, सॅम्युअल यांचे, आईवडील कोण हे त्या शोधत होत्या.

जुन्या खानेसुमारीचं पान समोर आलं. वर सॅम्युअल यांच्या मालकाचं नाव, वळणदार अक्षरात, संपूर्ण. खाली त्याचे अकरा गुलाम. पुरुष, वय तीस. स्त्री, वय सव्वीस. मुलगा, वय चार. नाव एकाचंही नाही.

माझं डोकं भणाणलं. खानेसुमारी लिहिणारा त्या मालकाच्या दारात लेखणी घेऊन उभा राहिला असेल. नाव विचारायला असा किती वेळ लागतो? आपण गोठ्यातल्या गाईलासुद्धा नावाने हाक मारतो. आणि हा गृहस्थ माणसांची नुसती वयं टिपून पुढच्या घरी गेला! त्याचं अक्षर इतकं सुंदर होतं, याचाच मला जास्त संताप आला.

“यांतले तुमचे कोणते, हे कसं कळणार?” मी विचारलं.

“नाही कळणार.” डोरिसबाईंनी वही उघडली आणि अकराही ओळी उतरवून घेतल्या. दाबून लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. “म्हणून आता सगळेच माझे.”