संगमरवरावरचं कुंकू

सकाळी ऑफिसात शिरतोय तोच सुहासचा फोन आला. "काका, बाबा गेले..." त्याला पाच आठवडे झाले, आणि मला अजून रडू येत नाही, रागच येतो.

साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेले देवधर मास्तर मुलाकडे, सुहासकडे, न्यू जर्सीत आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला दिवसभर बंद घर आणि व्हीसीआर आला. मग त्यांना चार रस्ते पलीकडचं ते छोटं म्युझियम सापडलं. इटली एक व्हावी म्हणून लढलेले आणि हद्दपार झालेले देशभक्त कधीकाळी त्या घरात राहिले होते. त्यांच्या तलवारी, पत्रं, लाल सदरे, आणि दिवाणखान्यात त्यांच्या म्होरक्याचा संगमरवरी अर्धपुतळा. मास्तरांनी हाच धडा जन्मभर शिकवलेला! ते तिथे बिनपगारी गाइड झाले. इंग्रजी अडखळायचं, पण शाळेची पोरं त्यांना सोडून बसमध्ये चढायला तयार नसायची.

मग त्या म्होरक्याची जयंती आली. मास्तरांनी आमच्या हिच्याकडून कुंकू मागून नेलं, पुतळ्याला हार घातला आणि कपाळावर ओला टिळा लावला. जयंतीला आपण दुसरं काय करतो? पण कुंकू दगडात मुरलं, पुसता पुसेना. म्युझियमच्या कमिटीने त्याला नासधूस ठरवलं आणि मास्तरांना यायला बंदी केली. आमच्या इथल्या मराठी मंडळात या गोष्टीवर लोक पोट धरून हसले, त्यांचा मला अजून संताप येतो. सुहास तर तोंडावर म्हणाला, "बाबा, किती एम्बॅरसिंग आहे हे! आता विसरा ते म्युझियम." मास्तर मला एवढंच म्हणाले, "तुम्ही त्यांना समजावून सांगाल का? मला पुन्हा आत जायचंय." मी हो म्हणालो. या शनिवारी जातो, पुढच्या शनिवारी जातो... आठ महिने मी गेलो नाही, आणि मास्तर वाट बघत गेले. सर्वांत जास्त राग मला माझाच आहे.

परवाच्या शनिवारी गेलो. टायवाला नवा गाइड हातातली टिपणांची कार्डं बघून बोलत होता. दाराशी थांबून त्याने पोरांना विचारलं, "तुमच्यापैकी कोणाच्या आजीला आपलं गाव सोडावं लागलं? हात वर करा." ही पद्धत मास्तरांची, प्रश्नही त्यांचाच, मी त्यांच्या तोंडून ऐकलेला. मी डोकावून पाहिलं, कार्डांवर त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

"हे देवधर मास्तरांचं आहे," मी मोठ्याने म्हणालो. तो कसनुसं हसला आणि पोरांना घेऊन पुढे गेला. दुसऱ्या खोलीत त्याने पुढचं कार्ड काढलं.

मी पुन्हा तेच म्हणालो.