भावोजींचं नाक

नवीन पनवेलला ताईच्या जिन्यात फोन एकच, तळमजल्यावरच्या काकूंकडे. त्या धापा टाकत वर आल्या आणि ताईकडे न बघता मला म्हणाल्या, "जरा खाली येतेस?" फोन भावोजींच्या ऑफिसातून होता. न्हावा शेव्याच्या बाजूला तेलाच्या टाकीवर भावोजी कोसळले होते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं...

भावोजी केमिस्ट. परदेशातून आलेलं कच्चं तेल तपासायचे. कमी गंधकाचं तेल गोड, जास्त गंधकाचं आंबट, अशी त्यांच्या धंद्यातली बोली. नमुना यंत्रात घालण्याआधी बाटली उघडून हुंगायची आणि अंदाजावर पैज लावायची, ही त्यांच्या लॅबची जुनी खोड. भावोजी सहसा हरत नसत. घरी फणस आणला की त्याचीही अशीच गंभीर तपासणी व्हायची, आणि आम्ही हसून बेजार. मग आखातात युद्ध पेटलं, भाव भडकले, आणि स्वस्त पडतं म्हणून आंबट तेल येऊ लागलं. सडक्या अंड्यांचा तो वास हुंगता हुंगता भावोजींचं नाकच गेलं. एका सकाळी नासक्या दुधाचा चहा ते निवांत प्यायले, तेव्हा ताईला कळलं.

ऑफिसात त्यांनी सांगितलं नाही. नोकरी जाईल, ही धास्ती. घरी मात्र रोज दुधाचं पातेलं ताईपुढे धरायचे. ती हुंगून म्हणायची, "चांगलं आहे." मगच ते बाहेरच्या खोलीत चहाला बसायचे.

पुढे डिझेलमधल्या गंधकावर मर्यादा आली, तशी कच्च्या तेलाच्या तपासणीवरूनही वादावादी वाढली. शेवटच्या मालाचं गंधक मालासोबत आलेल्या कागदाशी जुळेना. नमुनाच चुकीचा घेतला असेल, असं वरिष्ठ म्हणाले. भावोजी चिडले आणि स्वतःच टाकीवर चढले. झाकण उघडताच सडक्या अंड्यांच्या वासाचा तोच विषारी वायू वर आला. बरोबरचा जासईचा कामगार वासानेच मागे पळाला. घरी भेटायला आला तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मी बोललो, सायेब, मागं या, वास लय हाय. ते बोलले, मला तर येत नाय..."

मला भावोजींचा राग येतो. अजून येतो. नाक गेलंय, एवढं सांगायचं होतं हो. दुसरं काम मिळालं असतं, नसतं मिळालं तरी चाललं असतं.

हल्ली मी ताईकडेच झोपते. सकाळी दूध गॅसवर ठेवण्याआधी ती पातेलं नाकाशी नेते, आणि बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणते, "चांगलं आहे."