व्हर्नाची मंगळवारची खुर्ची

व्हर्ना कोवालचिकनं माझं डोकं पार खाल्लंय. ओहायोतल्या आमच्या गावात तिचं केस कापायचं दुकान आहे. साठी उलटली, आणि आता बाईंना पत्रकार व्हायचंय. इथल्या कम्युनिटी कॉलेजात पत्रकारिता शिकवतो मी, तेव्हा भोग माझ्याच वाट्याला!

बातम्या झकास आणते हो. तिच्या खुर्चीत बसलं की माणूस घडाघडा बोलतो. पण लिहून झालं की ही बया ज्याच्याबद्दल लिहिलं त्यालाच फोनवर वाचून दाखवते! तो म्हणतो, "एवढं काढ गं," की हिनं काढलंच. कॉलेजच्या अंकासाठी माझ्या हातात काय येतं? नुसतं गोड गोड.

"अहो बाई, ही बातमी आहे की लग्नपत्रिका?" मी एकदा ओरडलोच.

"सर, उद्या मला त्यांचेच केस कापायचेत. तुमचं काय, तुम्ही घरीच कापता. दिसतंच आहे."

शेवटी बजावलं, "एकच बातमी उरलीय. कुणाच्या सांगण्यावरून एक ओळ जरी गेली, तर नापास!"

त्याच सुमारास नगरपरिषदेनं कॉलेजची बस बंद करायचं काढलं. परिषदेची अध्यक्षा लोर्ना पेटिबोन, व्हर्नाची बालमैत्रीण. दर मंगळवारी सकाळी हिच्याच खुर्चीत. अंकात छापणार असं सांगून व्हर्नानं तिला विचारलं, तर म्हणाली, "त्या बसनं शिकायला येतंय कोण? थंडीत ऊब मिळते म्हणून येतात रिकामटेकडे!"

मी म्हटलं, झालं! हे वाक्य काही संध्याकाळ बघत नाही.

बातमी आली. ते वाक्य पहिल्याच परिच्छेदात, जसंच्या तसं.

"फोन नाही केलात?" मी विचारलं.

"केला की. रडली. म्हणाली, व्हर्ना, माझ्यासाठी एवढं काढ."

"मग?"

"म्हटलं, लोर्ना, मी त्याच बसनं जाते गं. गाडी कुठाय माझ्याकडे? तर फोनच ठेवून दिला तिनं."

बातमी छापली. व्हर्ना पास झाली. इतके महिने बोंबलत होतो, आणि आता शाबासकी द्यायची तर नुसतंच डोकं खाजवत उभा राहिलो.

तिनंच माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"शी! काय अवतार केलाय, सर. मंगळवारी सकाळी या. ती वेळ आता मोकळीच असते."