उजेड दाखवताना

समोरच्या इमारतीत एजंटाने गिऱ्हाइकांना उजेड दाखवायला खिडकीचा पडदा सर्रकन ओढला आणि माझा हात आपोआप चादरीकडे गेला.

असाच पडदा मीही ओढला होता. सुनंदाचा भाडेकरार संपायला महिना बाकी होता. तिला न विचारता, माझ्याकडच्या किल्लीने दार उघडून मी चौघांना घर बघायला आत नेलं. ती अंथरुणाला खिळलेल्या आईचं अंग पुसत होती.

"काका, बेल तरी वाजवायची!"

"घर माझंच आहे," म्हणत मी पडदा ओढला. उजेडात म्हातारी चादर चाचपत राहिली. तो महिना त्यांचा होता, हे मला ठाऊक होतं.

आता माझं अंग एक परकी बाई पुसते. आतून कडी घातलीस ना, असं मी तिला रोज दोनदा विचारतो.